शिसवी गिटार, पुण्याची हवा: कामाच्या नोंदी, २०१८ ते २०२५

१० नोव्हेंबर २०१८ (निवड)

काम असं: स्टीलच्या तारांची एक अकूस्टिक गिटार घ्यायची आणि पुण्यात, एसी नसलेल्या खोलीत, वीस वर्षं वाजती ठेवायची. हंगामागणिक मोजमाप घ्यायचं, ज्या दिवशी हात लागेल त्या दिवशी नोंद करायची.

तेवढ्याच पैशांत दोन वाटा होत्या. एक, नवी गिटार, टॉप (वरची फळी) अखंड लाकडाचा आणि साइड-बॅक (बाजू आणि पाठ) प्लायचे. दुसरी, वापरलेली पण सगळी अखंड लाकडाची. शिकाऊ हातासाठी यामाहाच्या एफ३१० सारखी पूर्ण प्लायची गिटार वाईट नाही. थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ती हवेला फारशी दाद देत नाही. एफजी८०० मध्ये टॉप अखंड स्प्रूसचा, बाकी प्लाय. बहुतेकांनी इथेच थांबावं. आपल्या कामासाठी मात्र पूर्ण अखंड लाकूड हवं, कारण चीर पडली किंवा ब्रिज (टॉपवर चिकटवलेली, तारा धरणारी पट्टी) सुटला तर तेच नीट दुरुस्त होतं.

टॉप अखंड आहे की प्लाय, हे दुकानात विचारायची गरज नाही. आवाजाच्या भोकाच्या कडेला टॉर्च मारायचा. वरच्या रेघा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर अखंड. मध्येच वेगळ्या रंगाचा थर दिसला तर प्लाय.

वापरलेल्या तीन गिटारी बघितल्या. पहिली नाकारली: चकाचक होती, पण ब्रिजच्या वर सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी) जेमतेम १ मिलिमीटर उरलेलं, तरी बाराव्या पडद्यावर (पडदा म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, फ्रेट) जाड तार ३.५ मिलिमीटर वर. म्हणजे मानेचा कोन गेलेला. मान काढून पुन्हा बसवणं हाच उपाय, आणि त्या कामाचा खर्च गिटारीच्या किमतीला येऊन टेकतो. दुसरीत बोटांच्या पेराने टॉपवर टकटक केल्यावर एका जागी सुटल्यासारखा पत्र्याचा आवाज आला. टॉपला आतून आधार देणारी ब्रेसची पट्टी सुटलेली. किंमत पाडून घेतली असती तर चाललं असतं, पण आरसा घालून पाहिलं तर दोन पट्ट्या निघाल्या.

तिसरी घेतली. ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद पेटीचा) आकार, सिट्का स्प्रूसचा टॉप, साइड-बॅक शिसवी. ६० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी पडद्यांवर ठेवून ब्रिजकडे सरकवली, तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला हलकं शिवून जातं. हवं तेच. मग सहा तारा, वीस पडदे, एकशेवीस स्वर एकेक करून वाजवले. कंटाळवाणं आहे, पण खरखर लपायला जागा राहत नाही.

शिसवाबद्दल: मार्टिनने १९६९ च्या सुमारास ब्राझीलचं शिसव सोडून भारतीय शिसव घेतलं, आणि आपल्या सह्याद्रीत व दक्षिणेत वाढणारं हे लाकूड जगभरच्या गिटारींच्या पाठीला लागलं. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींना आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी परवाना लागतो, तयार वाद्यांनासुद्धा. परदेशातून शिसवी गिटार मागवणाऱ्याने किंवा तिकडे पाठवणाऱ्याने आधी कागद बघावेत.

१८ नोव्हेंबर २०१८ (पायाची मोजमापं)

आधी आर्द्रतामापक तपासला. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात थेंब थेंब पाणी, चिखलासारखं होईपर्यंत. मीठ विरघळून जाऊ द्यायचं नाही. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बारा तास. आत ७५ टक्के दिसायला हवेत. आपल्या मापकावर ७१ आले. यापुढे प्रत्येक आकड्यात ४ मिळवून लिहिलं आहे. ही तपासणी केली नाही तर पुढची सगळी वही फुकट.

खोलीत ४८ टक्के. नव्या तारा, १२ ते ५३ चा संच, फॉस्फर ब्राँझ. सूर लावल्यावर या संचाचा एकूण ताण ७० ते ७५ किलो; म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस ब्रिजला लोंबकळतोय असं समजायचं.

बाराव्या पडद्यावर जाड तार २.४, पातळ तार १.८ मिलिमीटर. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा), चौदाव्यावर बोट, आणि सातव्यावर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून मानेचा बाक ०.२. सॅडल ब्रिजच्या वर ३.५. ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी पट्टी ठेवली: टॉप मुळातच किंचित घुमटाकार, म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांखाली फट, दोन्ही फटी मिळून ५ मिलिमीटर. हा शेवटचा आकडा फार कमी जण लिहून ठेवतात. गिटार कोरडी आहे की फुगलेली, हे तोच सांगतो.

२४ मार्च २०१९

खोलीत दुपारी २४ टक्के. जाड तार २.०, पातळ १.५. बाक तसाच, ०.२. टॉपच्या फटी मिळून २. तिसऱ्या-चौथ्या पडद्यावर जोरात वाजवलं की तार झणझणते.

मानेत काही बदललेलं नाही. टॉप बसला, त्याबरोबर ब्रिज खाली गेला, त्याबरोबर तारा. म्हणजे ट्रस रॉडला (मानेच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) हात लावायचं कारण नाही. इथे बहुतेक गिटारींचं नुकसान होतं: झणझण ऐकली की ॲलन की घालून रॉड सैल केला जातो, मानेला बाक येतो, झणझण थांबते. जुलैमध्ये तीच गिटार वाजवणाऱ्याची बोटं सोलून काढते.

पडद्यांची टोकं मानेच्या कडेला बोचतात. पडदे वाढलेले नाहीत, फ्रेटबोर्ड (पडदे बसवलेली मानेवरची फळी) आकसलाय. आत्ता कानस लावायची नाही.

उपाय: प्लास्टिकची साबणाची डबी, झाकणाला दहा-बारा भोकं, आत स्पंज. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा, थेंब पडता कामा नये. डबी केसमध्ये खुंट्यांच्या बाजूला, लाकडाला न टेकता. दर चार दिवसांनी बघायचं. सात दिवसांत केसमध्ये ४६ टक्के, जाड तार पुन्हा २.३. टोकांचं बोचणं जवळपास गेलं.

२८ जुलै २०१९

खोलीत ८६. जाड तार २.८, पातळ २.२. बाक अजून ०.२. टॉपला पोट सुटलंय, फटी मिळून ७. आवाज जड, गोणपाटातून आल्यासारखा.

लाकूड हवेतलं पाणी पितं. ५० टक्के आर्द्रतेला लाकडात वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी, ८५ ला सतराच्या आसपास, २० ला साडेचार. ही घालमेल वर्षात एकदा पूर्ण होते आणि पुण्यात ती मुंबईपेक्षा वाईट. मुंबईची गिटार बारा महिने दमट, पण निदान एका जागी. पुण्याची एप्रिलमध्ये पापड आणि जुलैमध्ये भिजवलेली डाळ.

मूळ सॅडल घासायचं नाही. बाराव्या पडद्यावर ०.४ कमी हवेत, पडदा तारेच्या मधोमध, म्हणून सॅडलमधून दुप्पट जायला हवं, ०.८. ते आज घासलं तर मार्चमध्ये जाड तार १.६ वर येईल आणि अर्धी मान झणझणेल. म्हणून हाडाचं दुसरं सॅडल केलं, ०.८ ने बुटकं. खालची बाजू काचेवर चिकटवलेल्या २२० च्या पॉलिश पेपरवर घासली. हातात धरून घासलं तर तळ गोल होतो आणि आवाज मरतो. तळाला पेन्सिलने ‘पा’, मूळ सॅडलला ‘मू’. जुलै ते सप्टेंबर ‘पा’, एरवी ‘मू’. उन्हाळ्यासाठी तिसरं उंच सॅडल करता येतं, पण करू नये: तारा वर येतील आणि कोरडेपणा तसाच राहील, उन्हाळ्यात गिटारीला ओलावाच द्यायला हवा.

१८ ऑगस्ट २०१९

चूक. केसमध्ये २०० ग्रॅम सिलिका जेल ठेवलं होतं. आठ दिवसांनी केस उघडली तर ३४ टक्के.

हिशोब आधी करायला हवा होता. केसमध्ये ६० लिटर हवा धरली तरी ८५ टक्क्यांना तिच्यात दीड ग्रॅमपेक्षा कमी पाणी. २०० ग्रॅम जेल चाळीसेक ग्रॅम सहज ओढतं. उरलेलं पाणी आलं कुठून? टॉपमधून. आता ५० ग्रॅम, जाळीच्या पिशवीत, आणि मापक केसमध्येच. ५५ च्या खाली गेलं की पिशवी बाहेर. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास. दोन्ही बाजूंनी काम करणारी ४९ टक्क्यांची पाकिटं मिळतात, ती महाग पण बिनघोर.

२६ जानेवारी २०२०

तारा बदलल्या. रोज तासभर वाजवणं असेल तर तीन महिने, पावसाळ्यात दीड-दोन. वाजवून झाल्यावर जुन्या धोतराच्या मऊ सुती तुकड्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची. घाम खालच्या बाजूला साचतो.

तार बसवताना पिन दाबून ठोकू नये. तारेचं गोळीचं टोक आतल्या ब्रिजप्लेटला (ब्रिजखाली टॉपला आतून चिकटवलेली फळी) टेकायला हवं. पिन घातली, तार वर ओढली, ‘टक’ असं जाणवलं, मग पिन अंगठ्याने बसवली. गोळी पिनच्या टोकावर बसली तर तार ताणताना पिन उडते, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर प्लेटचं भोक खाऊन जातं.

दरम्यान शिसवाचा नियम बदलला: २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना परवान्यातून सूट. ब्राझीलच्या शिसवाला ती नाही.

१२ एप्रिल २०२१

चीर पडली. गिटार चार दिवस केसबाहेर, स्टँडवर, खोलीत १९ टक्के. ब्रिजच्या खालच्या कडेपासून शेपटीकडे, पातळ तारांच्या बाजूला, ९५ मिलिमीटर. नखाला लागते.

कारण साधं आहे. रुंद भागात टॉप ४०० मिलिमीटर. ९ टक्क्यांवरून साडेचारवर येताना मोकळा असता तर तो रुंदीत अडीच मिलिमीटर आकसला असता. पण तो कडेला साइडला चिकटवलेला, खाली ब्रेसला चिकटवलेला. आकसायला जागा नाही. मग जिथे सगळ्यांत कमजोर, तिथे उलतो.

लगेच गोंद भरला तर चीर उघड्या अवस्थेतच पक्की होते. आधी तारा सैल केल्या, डबी-स्पंज दोन करून केसमध्ये ५५ टक्के धरले. सहाव्या दिवशी चीर मिटली, नख सरकून गेलं.

१९ एप्रिल: सरस. दाणे एक भाग, पाणी १.८ भाग, तासभर भिजवून गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत ६० ते ६२ अंश. त्याहून तापलं तर ताकद जाते. चिरेवर गरम सरस टाकला, एक हात आत घालून टॉप खालून हलका वर ढकलत आणि सोडत राहायचं, चीर उघडझाप करते आणि सरस आत ओढून घेते. आतल्या बाजूला ओला ठिपका दिसला की पुरे. वरचा सरस कोमट ओल्या फडक्याने पुसला. हाताशी वेळ फार तर मिनिटभर असतो, म्हणून सगळं आधी कोरडं करून पाहिलं होतं.

आतून स्प्रूसचे चार ठोकळे, १२ × १२ × १.५ मिलिमीटर, कडा उतरत्या, मध्यापासून मध्यापर्यंत २४ मिलिमीटर अंतराने. ठोकळ्याच्या रेघा चिरेला आडव्या. समांतर लावले तर ठोकळाही तिथेच उलतो. दाबायला निओडिमियमचे चुंबक, एक आत, एक बाहेर, बाहेरच्याखाली पुठ्ठा. चोवीस तास. रेघ दिसते, चाचपून लागत नाही.

३० ऑगस्ट २०२२

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद ४ मिलिमीटर आत जातो. मधोमध, दोन्ही टोकं घट्ट. तारा दोन स्वर उतरवून ठेवल्या.

पावसात चिकटवायचं नाही. आत्ता टॉप फुगलेला, ब्रिज त्या फुगवट्यावर दाबून बसवला तर मार्चमध्ये दोघं विरुद्ध दिशांना ओढतील. शिवाय पाण्याचा गोंद दमट हवेत सावकाश वाळतो. पुण्यात या कामाचा मुहूर्त दिवाळीनंतरचे तीन आठवडे.

६ नोव्हेंबर २०२२ (ब्रिज)

खोलीत ४६.

तारा, पिना, सॅडल काढलं. ब्रिजभोवती पुठ्ठा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल. ब्रिजवर २ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा तुकडा, त्यावर इस्त्री, सर्वांत कमी तापमान, दोन मिनिटं ठेवायची, एक मिनिट उचलायची. अठराव्या मिनिटाला पातळ कालथा आत सरकायला लागला. जोर लावायचा नाही. जिथे अडतो तिथे पुन्हा उष्णता. स्प्रूसच्या रेघा ज्या बाजूने वर उठतात तिकडून आत शिरलं तर टॉपचा पापुद्रा निघतो, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं करून बघावं आणि जिकडे सुरीला लाकूड चिकटत नाही तिकडून पुढे जावं. तरी दोन नखांएवढे तंतू ब्रिजला चिकटून आले. ते सोडवून टॉपवर जागच्या जागी चिकटवले.

ब्रिज निघाल्यावर कारण कळलं. ब्रिजच्या तळाखाली चहूकडून दीड मिलिमीटरची लॅकरची किनार तशीच होती. तेवढ्या भागात लाकडाला लाकूड लागलंच नव्हतं, आणि ताण सगळ्यांत जास्त मागच्या कडेलाच येतो. ब्रिज जागेवर ठेवून भोवती धारदार सुरीने हलकी रेघ मारली आणि आतलं लॅकर पटाशीने खरवडलं. तळ पॉलिश पेपरने घासला नाही, त्याने कडा गोल होतात. खरवडणीनेच साफ केला.

गोंद: पिवळा ॲलिफॅटिक. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद इथे चालत नाही. टेबलाला तो उत्तम, पण सततच्या ताणाखाली, उन्हाळ्यात विशेष, तो नकळत सरकतो. आतून ब्रिजप्लेटवर मेण लावलेला ठोकळा, लांब जबड्याचे तीन क्लॅम्प भोकातून, मेण लावलेल्या दोन पिना जागा धरायला. चारही कडांनी गोंदाचे बारीक मणी आले, ओल्या फडक्याने टिपले. क्लॅम्प चोवीस तास, तारा तीन दिवसांनी.

हाच गोंद ६५ अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तापमान तेवढ्याच्या जवळ जाऊ शकतं. गिटार गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये.

११ ऑगस्ट २०२४

गेल्या आठवड्यात हाडाचा नवा नट (खुंट्यांकडच्या टोकाला मानेवरची खाचांची पट्टी) बसवला. मोकळी तिसरी तार सतारीसारखी झणकारते. बोट ठेवलं की आवाज स्वच्छ. म्हणजे दोष पडद्यांत नाही, नटमध्ये.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर मुद्दाम हेच घडवतो. घोडीचा माथा रुंद, किंचित उतरता. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते, आणि जवारी (तारेचा गुंजणारा झणकार) खुलते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागच्या कसबात या उताराचा मोठा वाटा आहे. गिटारीला नेमकं उलट हवं: तारेने नटच्या पडद्याकडच्या कडेवर, एकाच बिंदूत, टेकायचं आणि खुंट्यांकडे उतरायचं. आपल्या खाचेचा तळ सपाट राहिला होता. खाचेची कानस खुंट्यांच्या बाजूला कलती धरून चार हात मारले, समोरची कड शिवली नाही. जवारी गेली.

खोली तपासायची रीत: दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यामध्ये तार दाबायची, पहिल्या पडद्यावर तिच्याखाली कागदाएवढी फट हवी. फटच नसेल तर खाच खोल गेली, नवा नट.

१५ डिसेंबर २०२४ (पडदे)

पहिल्या तीन पडद्यांवर पातळ तारांखाली ०.२ चे खड्डे. पडद्यांची उंची १.१५.

मान आधी सरळ केली, ट्रस रॉड पाव-पाव फेरा, बाक शून्य. फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप. प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर मार्करची शाई. ४०० मिलिमीटरच्या सरळ ॲल्युमिनियमच्या पट्टीला ४०० चा पेपर, मानेच्या लांबीत, हाताचा नुसता भार. शाई सगळ्या पडद्यांवरून गेली आणि खड्डे संपले तेव्हा उंची ०.९२. मग पुन्हा शाई, गोलाईच्या कानशीने दोन्ही खांदे उतरवले, मधोमध शाईची केसाएवढी रेघ राहील इतपतच. ६००, १०००, २००० आणि शेवटी बारीक स्टील वूल. अशी आणखी एक घासाई निघेल, त्यानंतर पडदे बदलावे लागतील.

फ्रेटबोर्डला मिनरल ऑइलचे सहा थेंब, दहा मिनिटांनी कोरडं पुसलं. वर्षातून एकदा पुरे. खोबरेल किंवा तीळतेल नको. ते खवट होतं, चिकट थर धरतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. बाक परत ०.२.

२६ ऑक्टोबर २०२५

खोलीत ५१, पायाच्या नोंदीच्या जवळ, म्हणून तुलना धरता येते. जाड तार २.५, पातळ १.८. बाक ०.२. सॅडल ३.० उरलंय, सात वर्षांत अर्धा मिलिमीटर दोनदा मिळून घासला. पट्टीचं टोक आता ब्रिजच्या माथ्याखाली अर्धा मिलिमीटर टेकतं. मान ताणाखाली हळूहळू पुढे येते, हे प्रत्येक स्टीलच्या तारांच्या गिटारीचं होतं. सॅडल २ मिलिमीटरवर आलं की मान पुन्हा बसवायची. याच वेगाने गेलं तर अजून चौदाएक वर्षं.

२०२१ ची चीर बंद. आरशात चारही ठोकळे घट्ट. ब्रिजखाली कागद कुठूनच जात नाही. पाचव्या खुंटीचा स्क्रू सैल होता, पाव फेरा.

‘पा’ काढून ‘मू’ बसवलं. स्पंजची डबी १ फेब्रुवारीला केसमध्ये, पुढचं मोजमाप मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात.